रुग्ण औषध का विकत घेतो? : सत्त्वपरीक्षा आणि औषधाचा क्रय



सुमारे दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त एस.टी. वाहक, वय ५९, मलावष्टंभाच्या तक्रारीसाठी आमच्याकडे सात-आठ महिने नियमित येत असत. मधुमेह होता. त्याच्या गोळ्या शहरातील फिजिशियनकडून चालू आहेत, अशी नोंद पहिल्या दिवशी केसपेपरवर झाली आणि पुढे आम्ही ती पुन्हा तपासली नाही. एके दिवशी ते लंगडत आले. उजव्या पायाच्या करंगळीशी व्रण, दुर्गंध, उपाशीपोटी रक्तशर्करा ३१२. चौकशी करता कळले की चार महिन्यांपासून गोळ्या बंद असून त्यांच्या जागी मोबाइलवरील जाहिरात पाहून मागविलेले, मधुमेह मुळापासून घालविण्याची ग्वाही देणारे एक चूर्ण चालू आहे. तीन महिन्यांच्या कोर्सचे मूल्य ४,८०० रुपये. आमच्या काढ्याच्या बाटलीचे पैसे देताना दर वेळी घासाघीस करणारे हे गृहस्थ! आम्ही किंचित रागानेच म्हणालो, "अहो, दर महिन्याला येता, एकदा विचारायचे तरी." त्यांनी मान खाली घातली. "डॉक्टर, पहिला डबा व्याह्यांनी आणून दिला. त्यांना गुण आला म्हणत होते. लेक त्यांच्या घरात आहे, नको कसं म्हणणार? पुढचा मग मीच मागवला. ते विचारतात ना, संपलं का म्हणून."

करंगळी वाचली नाही. शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यास विलंब झाला नव्हता. विलंब आधीच्या चार महिन्यांत झाला होता आणि त्या चार महिन्यांत ते चार वेळा आमच्यासमोर बसून गेले होते.

त्या प्रसंगानंतर आम्ही स्वतःला एक साधा प्रश्न विचारला. बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात द्रव्याचे रस, गुण, वीर्य, विपाक, प्रभाव आपण शिकलो, भैषज्यकल्पना शिकलो, परंतु ते द्रव्य रुग्णाच्या घरात कोणत्या वाटेने पोहोचते, हे कोणी शिकविले काय? व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी ग्राहकाचे क्रयवर्तन हा स्वतंत्र विषय म्हणून अभ्यासतात. आपला रुग्ण हाही ग्राहकच आहे, हे म्हणणे आपल्या व्यवसायात थोडे अप्रशस्त वाटते. परंतु आपण म्हणा अथवा न म्हणा, औषध विकणाऱ्यांनी ते केव्हाच ओळखले आहे. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार आपल्या संहितांच्या चष्म्यातून करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

क्रयाचे मूळ

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात तीन एषणा सांगितल्या आणि त्यांत प्राणैषणेला अग्रस्थान दिले. धन आणि परलोक नंतर, प्रथम जगणे. औषधाचा क्रय हा या पहिल्या एषणेतून होतो, म्हणून तो साडी किंवा सायकल घेण्यासारखा नसतो. साडी घेताना चूक झाली तर पैसे जातात, हे ग्राहकाला कळते. औषध घेताना मनात भय असते, आणि भयभीत मनुष्य तुलना करीत बसत नाही. दुसरे असे की औषधाची प्रत सामान्य माणसाला घेण्यापूर्वी पारखता येत नाही, आणि घेतल्यानंतरही पुष्कळदा पारखता येत नाही. सर्दी आठ दिवसांनी आपोआप बरी झाली तरी श्रेय पाचव्या दिवशी घेतलेल्या काढ्याला जाते. वस्तू पारखता येत नसली की मनुष्य तिच्याभोवतीच्या खुणा पारखू लागतो: कोणी सांगितले, डबी कशी आहे, किंमत किती, शेजारी काय घेतात.

वाग्भटाचार्यांनी रुग्णाच्या चार गुणांत 'आढ्य' हा गुण घातला आहे. रुग्णाजवळ औषधापुरते धन असावे, ही व्यवहारी दृष्टी त्या काळीही होती. त्याच चार गुणांत 'भिषग्वश्य' म्हणजे वैद्याच्या सांगण्यात राहणारा हाही गुण आहे. आजचा रुग्ण आढ्य झाला आहे, निदान चार-पाच हजारांपुरता. भिषग्वश्य मात्र राहिला नाही. त्याला वश करणारे इतर अनेक आहेत.

विकत घेणारा एक, खाणारा दुसरा

चतुष्पादांतील उपस्थाता हा पाद आपण शुश्रूषा करणारा एवढ्या मर्यादित अर्थाने शिकलो. आमच्या मते क्रयवर्तनाच्या दृष्टीने या पादाचा विस्तार करावयास हवा. ग्राहकशास्त्रात कल्पना सुचविणारा, प्रभाव टाकणारा, निर्णय घेणारा, प्रत्यक्ष विकत घेणारा आणि वापरणारा अशा पाच भूमिका मानतात. आपल्या कुटुंबात या पाच भूमिका पाच वेगवेगळ्या व्यक्ती बजावतात. गुडघेदुखी गावाकडील आईला असते. तेलाची माहिती शेजारच्या काकूंनी दिलेली असते. निर्णय मोठ्या मुलाचा असतो. पुण्यातील लेक ते मोबाइलवरून मागविते. आणि आई ते लेकीचे मन राखण्यासाठी लावते. उपशय मिळाला नाही तरी ती फोनवर "बरं वाटतंय गं" म्हणते, आणि दुसरी बाटली येते. केवळ आईची परीक्षा करणाऱ्या वैद्याला यातील काहीच दिसत नाही.

काही वेळा तर वापरणाऱ्याला क्रयाचा पत्ताही नसतो. दारू सोडविण्याची पूड पत्नी गुपचूप भाजीत मिसळते, हे आपणांपैकी प्रत्येकाने ऐकले असेल. त्या पुडीत काय आहे, हे तिलाही ठाऊक नसते. तिला दोष देऊन भागणार नाही. रात्री मार खाणाऱ्या स्त्रीला ४०० रुपयांत मिळणारी आशा महाग वाटत नाही.

याहून कठीण प्रसंग म्हणजे सुनेला घेऊन येणारी सासू. 'मुलगाच व्हावा' यासाठी औषध द्या, अशी मागणी आजही दबक्या आवाजात होते, आणि पुंसवनाचा उल्लेख ग्रंथांत आहे हे आपल्यालाच ऐकविले जाते. येथे इच्छा सुनेची नसते, पैसे बहुधा मुलाचे असतात आणि दडपण साऱ्या भावकीचे असते. लिंगनिवडीला १९९४ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या सुधारणेने बंदी आहे. आम्ही अशा वेळी सासूबाईंना बाहेर बसवून सुनेशी आधी बोलतो. पुष्कळदा तिला रक्ताल्पता असते आणि त्याविषयी कोणी एक रुपयाही खर्च केलेला नसतो.

लज्जा हाही क्रयाचा मोठा प्रेरक आहे. मैथुनासंबंधी तक्रारी, स्थौल्य, श्वित्र, केस गळणे यांची औषधे लोक आपल्याकडून न घेता साध्या वेष्टनातील कुरियरने का मागवितात? कारण आमच्या प्रतीक्षाकक्षात त्यांच्या गल्लीतील तिघे बसलेले असतात.

सत्त्व आणि जाहिरात

विमानस्थानातील दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा आहे. परीक्षेपुरते प्रवर, मध्य, अवर असे तीन प्रकार लिहून आपण पुढे गेलो. क्रयवर्तनाचा विचार करताना मात्र हा भाग पुन्हा वाचला आणि थक्क झालो. मध्यसत्त्व पुरुषाविषयी आचार्य म्हणतात की तो इतरांकडे पाहून, इतरांचे उदाहरण घेऊन स्वतःला सावरतो, किंवा इतर त्याला सावरतात. अवरसत्त्व पुरुष स्वतःही सावरत नाही आणि इतरांच्यानेही सावरला जात नाही; देहाने धिप्पाड असला तरी अल्प वेदना त्याला सोसत नाही, आणि भयंकर कथा ऐकताच तो विषण्ण होतो.

आता आजची जाहिरात डोळ्यांपुढे आणावी. तिच्यात साधारण दोनच साधने असतात. एक म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाची साक्ष: "मलाही असाच त्रास होता." हे साधन मध्यसत्त्वासाठी. दुसरे म्हणजे भयाचे चित्र: कुजलेला पाय, निकामी वृक्क, रडणारे कुटुंब. हे अवरसत्त्वासाठी. समाजात प्रवरसत्त्व थोडे आणि मध्यसत्त्व बहुसंख्य असतात, असे आमचे निरीक्षण आहे. म्हणूनच साक्षीची जाहिरात कधी जुनी होत नाही. १९५५ मध्ये कॅट्झ आणि लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी प्रसारमाध्यमांचा प्रभाव थेट न पडता ओळखीच्या, विश्वासातील व्यक्तींच्या द्वारे पडतो, असा सिद्धान्त मांडला. आमच्या वाहक महाशयांच्या बाबतीत अगदी तसेच घडले. मोबाइलवरील ती जाहिरात त्यांनी स्वतःही पाहिली होती, पण तेवढ्याने त्यांनी काही घेतले नव्हते. व्याह्यांनी डबा हातात ठेवला तेव्हा औषध हे औषध राहिले नाही, ते नात्याचे देणे झाले.

येथे मध्यसत्त्व हा दोष नव्हे, हे ध्यानात घ्यावे. ज्या गुणामुळे तो रुग्ण भुलतो, त्याच गुणामुळे तो पथ्यही पाळू शकतो. आमच्याकडील आमवाताच्या रुग्णांना आम्ही जाणूनबुजून एकाच वारी बोलावतो. वर्षभर दही सोडून दाखविलेल्या एखाद्या आजींशेजारी बसलेला नवा रुग्ण आमच्या पंधरा मिनिटांच्या उपदेशाने ऐकत नाही ते आजींच्या एका वाक्याने ऐकतो.

जुने दुकानदार

विक्रीची ही तंत्रे परदेशातून आली, असा आपला एक सोयीचा समज आहे. सूत्रस्थानाच्या २९ व्या अध्यायातील रोगाभिसर वैद्याचे वर्णन वाचावे. तो वैद्याचा वेश घेऊन रस्तोरस्ती फिरतो. कोणी आजारी असल्याचे कळताच तेथे धाव घेतो. रुग्णाच्या कानी पडेल अशा रीतीने स्वतःचे गुण मोठ्याने सांगतो. उपचार करीत असलेल्या वैद्याचे दोष पुनःपुन्हा काढतो. रुग्णाच्या मित्रांना खूश करून, त्यांची सेवा करून आपलेसे करू पाहतो. आणि आपली अपेक्षा फार थोडी आहे, असेही पसरवितो. यात प्रसिद्धी आहे, प्रतिस्पर्ध्याची निंदा आहे, ओळखीच्या माणसांमार्फत प्रचार आहे आणि सवलतीची किंमत आहे. काय राहिले? ११ व्या अध्यायात छद्मचर वैद्याची ओळखही अशीच: औषधांची भांडी, औषधे, पोथ्या यांचा देखावा मांडून तो वैद्य ही संज्ञा मिळवितो. आज त्या देखाव्यात पांढरा कोट, हिरवे पान आणि खलबत्त्याचे चित्र आले, एवढाच फरक.

हे वाचून इतरांकडे बोट दाखविणे सोपे आहे. आम्हाला ते बोट आमच्याच दवाखान्याकडे वळवावे लागले.

पुडी, डबी आणि किंमत

व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही चूर्णे कागदाच्या पुड्यांत बांधून देत असू. रुग्ण अर्ध्या पुड्या घेत नसत. 'घरगुती आहे, राहिले तरी चालेल' असा भाव असे. पुढे एका ज्येष्ठ व्यवसायबंधूंच्या सल्ल्याने तीच चूर्णे झाकणाच्या डबीत, छापील चिठ्ठी लावून देऊ लागलो. औषध तेच, मात्रा तीच. सेवन नियमित झाले, गुणही अधिक येऊ लागला. येथपर्यंत आम्हाला समाधान आहे. त्यानंतर एका वर्षी घटकद्रव्ये महागल्यामुळे एका कल्पाची किंमत जवळजवळ दुप्पट करावी लागली. तक्रारी वाढतील असे वाटले होते, त्या घटल्या. 'मागच्यापेक्षा हे औषध भारी आहे' असे दोघातिघांनी आपणहून सांगितले. आम्ही त्यांना औषध बदललेले नाही हे सांगितले नाही. पुढे घटकद्रव्ये स्वस्त झाली तरी किंमत उतरविण्यास आम्ही वर्षभर चालढकल केली, हेही येथे नमूद करावयास हवे.

२००८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. ८२ निरोगी स्वयंसेवकांना विजेचे झटके देऊन, औषधविरहित एकच गोळी वेदनाशामक म्हणून देण्यात आली. काहींना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली, काहींना सवलतीत दहा सेंट. महाग समजून घेणाऱ्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना वेदना कमी वाटली. स्वस्त समजून घेणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांना. किंमत ही केवळ खिशावर नव्हे, वेदनेच्या अनुभवावरही परिणाम करते. हे वाचल्यावर आम्हाला आमची ती डबी आठवली.

मग मर्यादा कोठे? आम्ही स्वतःपुरती ठरविलेली रेषा अशी : औषध नियमित घेतले जावे यासाठी वेष्टन सुधारणे, नाव व मात्रा सुवाच्य लिहिणे, दोन वाक्यांत ते का देत आहोत हे सांगणे, हे योग्य. आश्वासनाने सत्त्व दृढ करणे ही तर सत्त्वावजय चिकित्साच आहे. परंतु रुग्णाचे अज्ञान टिकले तरच जो नफा टिकतो, तो घेऊ नये. काही बंधूंना ही रेषा फार कडक वाटेल. दवाखान्याचे भाडे आम्हीही भरतो.

परिचय आणि विश्वास

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखविले की एखादी गोष्ट केवळ वारंवार समोर आल्यानेच मनुष्याला ती अधिक आवडू लागते; त्यासाठी तिच्याविषयी काही कळावे लागत नाही. २०२० च्या साथीत हे आपण गावोगाव पाहिले. आयुष मंत्रालयाच्या सूचनांत च्यवनप्राश, हळदीचे दूध, तुळस-दालचिनी-काळी मिरी-सुंठ-मनुका यांचा काढा होता. च्यवनप्राशाची मात्रा १० ग्रॅम सांगितली होती आणि मधुमेहींनी तो साखरविरहित घ्यावा, असेही म्हटले होते. लोकांच्या मोबाइलवर फिरता फिरता मात्रा गळाली, मधुमेहींची सूचना गळाली, पदार्थांची नावे तेवढी उरली. ग्रीष्मात, पित्तप्रकृतीच्या माणसांनी दिवसातून चार-चार वेळा काढा प्यायलेला आम्ही पाहिला. अम्लपित्त आणि रक्तार्श घेऊन ते आमच्याकडे आले.

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेल्या ६ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यास हरकत घेऊन वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचा आणि तत्सम दुसरी जाती वापरली गेल्याची शक्यता असल्याचा मुद्दा मांडला. पुढे याच विषयावर इतर केंद्रांतूनही वृत्तान्त आले. या वादात आपली बाजू मांडण्याची घाई अनेकांना झाली. आमचा प्रश्न निराळा आहे. कुंपणावरची वेल ओळख न पटविता तोडून, महिनोन्‌महिने उकळून पिण्याचे धैर्य लोकांना कोठून आले? 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' या समजुतीतून. आणि ही समजूत पसरविण्यात आपल्या व्यवसायाचा वाटा मुळीच नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? 'आमच्या औषधाला साइड इफेक्ट नाही' हे वाक्य आम्ही स्वतः कित्येकदा उच्चारले आहे. औषध व कॉस्मेटिक्स नियमांतील अनुसूची ई (१) मध्ये वत्सनाभ, भल्लातक, कुचला आदी विषद्रव्यांची यादी आहे आणि ती असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते, हे रुग्णाला ठाऊक नसले तरी आपल्याला आहे.

घेतल्यानंतरचे मन

क्रय झाला की विषय संपत नाही. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेला विसंगतीचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. आपली कृती आणि आपले ज्ञान यांचा मेळ बसेना की मन अस्वस्थ होते आणि बहुधा कृती न बदलता समजूत बदलते. ४,८०० रुपये दिलेला मनुष्य 'मी फसलो' म्हणण्याऐवजी 'औषधाला वेळ लागतो' म्हणतो. पायाला मुंग्या आल्या तर 'दोष बाहेर पडत आहेत' असे त्याला फोनवर सांगितले जाते आणि त्याला ते पटते, कारण ते पटणे त्याच्या सोयीचे असते. अशा रुग्णाला आपण "फसलात" म्हटले की तो औषध सोडत नाही, आपल्याला सोडतो. प्रज्ञापराधाचे विवेचन करताना धी, धृती, स्मृती यांचा विभ्रंश सांगितला आहे. येथे धीभ्रंश आधी होतो; तो उघड केल्यास मनुष्य लाजेने अधिक घट्ट धरून ठेवतो.

कायद्याचे साह्य किती, याविषयी थोडक्यात. १९५४ च्या औषधे व जादुटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात ५४ व्याधी व अवस्था आहेत. मधुमेह त्यांत आहे. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी आवश्यक करणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला, १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळण्यात आला, त्या वगळण्याला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघून स्थगितीही उठली. या घडामोडींची माहिती आमच्या एकाही रुग्णाला नव्हती. व्याह्याने दिलेल्या डब्यावर तसेही कोणता नियम चालणार?

केसपेपरवरील एक रकाना

त्या प्रसंगानंतर आम्ही केसपेपरवर 'सात्म्य' या रकान्याखाली 'स्वतः घेतलेली औषधे' असा रकाना वाढविला. तो भरताना अनुभवाने काही गोष्टी कळल्या. "दुसरे काही औषध घेता का?" या प्रश्नाला उत्तर 'नाही' असेच येते, कारण चूर्ण, काढा, रस, मोड आलेली मेथी यांना लोक औषध समजत नाहीत. "सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जाते?" असे विचारले की सारे बाहेर येते. त्यानंतर "हे कोणी सुचविले?" असे विचारावे. "का घेतले?" असे विचारू नये, त्यात जाब विचारल्याचा स्वर येतो. सुचविणारी व्यक्ती कळली की पुढील वेळी तिलाच सोबत आणण्यास सांगावे. प्रत्येक भेटीत पूर्वीच्या गोळ्या चालू आहेत ना, हे पाकीट पाहून तपासावे. तोंडी उत्तरावर राहू नये. घरातील सर्व डब्या-बाटल्या पिशवीत घालून आणावयास सांगितल्यास आणखी उत्तम. पिशवी टेबलावर रिकामी होत असताना रुग्ण आपणहून प्रत्येक डबीची हकीकत सांगतो.

आमच्या त्या रुग्णाला आम्ही चूर्ण सोडा असे प्रथम म्हटलेच नाही. व्रण भरून येईपर्यंत ते बंद ठेवू, असे सांगितले आणि व्याह्यांना भेटीस बोलावले. ते आले, सज्जन गृहस्थ, स्वतःही मधुमेही. त्यांचीही रक्तशर्करा त्याच दिवशी तपासली. २६८ आली. 'गुण आला' ही त्यांची भावना खरी होती. तपासणी मात्र त्यांनी वर्षभरात केली नव्हती. चूर्णाविषयी आम्ही एक शब्द बोललो नाही. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, नंतर व्याह्यांच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे.

हल्ली दोघेही महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकाच रिक्षातून येतात. गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत असतात. मागील महिन्यात त्या पिशवीतून कोणत्यातरी लाकडाचा एक पेला निघाला. रात्री त्यात पाणी ठेवून सकाळी प्यावे असे कोणी सुचविले होते. "अजून वापरला नाही, डॉक्टर," व्याही म्हणाले, "आधी विचारावं म्हटलं."